क्लिअर मारायचा का?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही छाती फुगवून म्हणतो खरं, पण मे महिन्यातलं आमचं ऊन जर्मनीतल्या कुणी सोसून दाखवावं. ते ऊन वर्षानुवर्षं डोक्यावर घेऊन माझी पांढरी गाडी अशी झाली होती, की टपावरून हात फिरवला की तळहात पांढरा व्हायचा. मी शिक्षक असल्यामुळं त्यात कुणाला वावगं दिसलं नाही.

शेवटी वसमत रोडवरच्या एका मिस्त्रीकडं गाडी टाकली. डेंटिंग झालं, खड्ड्यांत लांबी भरली, पेपर मारला, सरफेसर म्हणजे रंगाखालचा अस्तर मारून गाडी राखाडी झाली. मग भर तासाला फोन वाजला.

“सर, क्लिअर मारायचा का? पेंट आणायला पोरगं निघायलंय, आत्ताच सांगा.”

“नंतर बघू की मिस्त्री.”

“नंतर कसं? क्लिअर मारायचा असल तर बेस कोट आणावा लागतो, नसल मारायचा तर डायरेक्ट ग्लॉस. दोन्हीचे डबे अलग. आणि क्लिअरचे पैसे बी अलग.”

यात मिस्त्रींचं काहीच खोटं नव्हतं. साधा पांढरा रंग दोन रीतींनी मारता येतो. एकात चमक रंगाच्या अंगातच असते, हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, घालून मारला की काम संपलं. दुसऱ्यात आधी बेस मारायचा. तो वाळला की चुन्याच्या भिंतीगत निस्तेज दिसतो, मग त्याच्यावर क्लिअरचा पारदर्शक थर. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. एवढ्याशा पापुद्र्यासाठी मी पुढं किती लोकांशी बोललो, ते आठवलं की माझं मलाच हसू येतं.

सगळ्यात आधी मेहुण्याला विचारलं. तो संभाजीनगरला असतो, त्यामुळं गाड्यांतलं आपल्याला जास्त कळतं अशी त्याची पक्की समजूत आहे. “भाऊजी, क्लिअरशिवाय गाडी म्हणजे विषयच नाही!” त्याची गाडी मेटॅलिक ग्रे. मेटॅलिक रंगात अ‍ॅल्युमिनियमचा चुरा असतो. तो उघडा ठेवला तर चमकही येत नाही आणि हवेनं खराबही होतो, म्हणून तिथं क्लिअर लागतोच. म्हणजे त्याचं बरोबर होतं, पण त्याच्या गाडीपुरतं. हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग तुम्ही पण ग्रे मारा!” रंग बदलला की आरटीओत जाऊन आरसीत नोंद करावी लागते. एमएच २२ च्या कार्यालयात उन्हाळ्यात उभं राहण्यापेक्षा मी जन्मभर पांढराच राहीन म्हणालो.

गावाकडं वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “त्यात विचारायलास काय? पोळ्याला आपण बैलाच्या शिंगाला रंग देतो, त्याच्यावर वारनिस मारतो का नाही? मग? गाडीनं काय घोडं मारलं?” एवढं सरळ उत्तर मला पुढं कुणी दिलं नाही. पण शिंगाचं वारनिस पुढच्या पोळ्यापर्यंत टिकलं तरी पुरतं. गाडीचा पोळा आम्हाला दरवर्षी परवडत नाही.

खरी पंचाईत केली शेजारच्या काकांनी. ते कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेत, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला प्रयोगाचा प्लॉट नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “बोनेटचे दोन भाग करा. डाव्या भागाला क्लिअर मारा, उजवा तसाच ठेवा. तीन उन्हाळे निरीक्षण करू. त्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही.” मी म्हटलं, काका, मला ह्याच गाडीतून लग्नाकार्याला जायचंय. “मग टपावर करा प्रयोग,” ते म्हणाले, “तिथं कोण बघतंय?” तेव्हापासून ते मला बघितलं की आधी गाडीच्या टपाकडं बघतात.

संध्याकाळी मिस्त्रींकडं जाऊन बसलो. ह्या सगळ्यांत नफ्यातोट्याचं तेवढं तेच बोलले, हे मान्य केलं पाहिजे. “सर, बिगर क्लिअरचा रंग उन्हानं फिका पडला तर कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, मारून वर आणता येतो. कपड्याला पांढरा रंग लागतो, पण खालून ताजा निघतो. क्लिअर मेला की पापुद्रे सुटतात, टपावर नकाशे तयार होतात. मग पॉलिशचं काम नाही, घासून परत मारायचा. पण मरंपर्यंत तो उन्हाला अडवतो.” मग त्यांनी कोपऱ्यातलं एक काळं दार दाखवलं. त्याच्यावर सगळा मराठवाडा उमटला होता, मधोमध बीड जिल्ह्याएवढा तुकडा निघालेला.

“मग तुमचं काय मत?”

“गाडी कुठं लावता?”

“दारात. लिंबाखाली.”

“वर कावळे?”

“बक्कळ.”

“मारून घ्या.”

पाखराची घाण आम्लधर्मी असते, आणि उन्हात वाळली की रंगाला खाते. क्लिअर असला तर आधी मार त्याला बसतो, रंग खाली वाचतो. दारात शेड नसलेल्या माणसाला एवढं कारण पुरं होतं. लिंब तोडणं हा दुसरा उपाय घरात बोलून बघायचं माझं धाडस नाही.

फवारणी अगदी सकाळी ठरली, कारण दुपारी इतकं तापतं की क्लिअर नीट पसरायच्या आत वाळतो आणि पृष्ठभागाला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात. मिस्त्रींनी जमिनीवर पाणी शिंपडलं, चारी बाजूंनी हिरवी जाळी ताणली, चिलटांना चार शिव्या दिल्या. ओल्या क्लिअरवर चिलट बसलं तर ते तिथंच समाधी घेतं. मिस्त्रींनी तोंडाला रुमाल बांधला, तेव्हा मात्र मी गप्प बसलो नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, दम्याचं दुखणं लावतं, ते रुमालानं अडत नाही. धंदा त्यांचा, फुप्फुसं त्यांची, पण पोरगंही शेजारी तसंच उभं होतं. त्यांनी कुठूनतरी एक धुळकट मास्क काढून पोराला दिला. स्वतः रुमालावरच राहिले.

बेस मारून झाला. गाडी पांढरीशुभ्र, पण निस्तेज. “आता अर्धा घंटा हात लावायचा नाही,” असं बजावून मिस्त्री मला घेऊन समोरच्या टपरीवर चहाला गेले. बेसवर बोटाचं तेल जरी लागलं तरी वरचा क्लिअर तिथं धरत नाही म्हणे.

त्या दिवशी अक्षय तृतीया होती.

चहा संपवून आलो तर जाळीच्या आत ऑटोतून उतरलेल्या सासूबाई, हातात ताट, ताटात निरांजन. “रंग तर झाला की जावई! म्हटलं मुहूर्त कशाला चुकवायचा,” असं म्हणत त्यांनी नारळ हातात घेतला होता. बोनेटवर मधोमध ओल्या कुंकवाचा स्वस्तिक, बाजूला हळदीचे दोन ठिपके, एका ठिपक्यावरून ओघळ थेट नंबरप्लेटपर्यंत आलेला.

पोरगं कोपऱ्यात मास्क लावून उभं. “मी नको म्हणलो,” ते म्हणालं, “पण मास्कातून त्यांना ऐकू गेलं नाही.”

मिस्त्रींनी रुमाल खाली ओढला. नारळ अलगद सासूबाईंच्या हातातून काढून घेतला आणि टायरजवळ ठेवला. “अम्मा, हे पुसून बोनेटला परत बेस मारावा लागतो.”

“पुसायचं? सणाच्या दिवशी स्वस्तिक पुसतेत का बाबा?” सासूबाई म्हणाल्या. “त्याच्यावर काय मारायचं ते मार की!”

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी जाळीकडं बघितलं. मग ते बोनेटजवळ वाकले, एक डोळा बारीक करून कुंकवाचा थर बघितला आणि म्हणाले, “मारतो सर. पण कुंकवावर क्लिअर मी आजवर मारलेला नाही. त्याची गॅरंटी नाही देणार.”