ब्राउन फॅट, सोळावर लावलेला एसी आणि गोव्यातलं वजन

किनारपट्टीवर आइस बाथची, म्हणजे बर्फाच्या पाण्यात बसण्याची, टूम आली आहे, आणि तिच्या मागोमाग "ब्राउन फॅट जागवा, वजन उतरवा" हा मंत्रही. ब्राउन फॅट म्हणजे ऊब तयार करणारी तपकिरी चरबी. मत आधीच सांगून टाकतो: ब्राउन फॅट खरी आहे, तिचं शास्त्र पक्कं आहे, पण वजन उतरवण्यासाठी आज तिच्यावर एक रुपयाही घालवू नका. गोव्यात तर नाहीच.

पोटावर, कमरेवर साठते ती पांढरी चरबी. तिच्या एकेका पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असतो. ब्राउन फॅटच्या पेशीत बारीक बारीक थेंब असतात आणि त्यांच्याभोवती मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांची, दाटी. त्यांतल्या लोहामुळे रंग तपकिरी. थंडी लागली की नसांच्या टोकांतून थंडीचा निरोप देणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटतं, थेंबांतली चरबी फुटते आणि मोकळी झालेली फॅटी अ‍ॅसिड यूसीपी-१ नावाचं प्रथिन उघडतात. एरवी मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याबाहेर साठलेल्या प्रोटॉनच्या (हायड्रोजनच्या भारित कणांच्या) दाबावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. यूसीपी-१ उघडलं की पाणी चक्कीवर न पडता बाजूच्या पाटाने निघून जावं तसे प्रोटॉन आत परततात आणि सगळी ऊर्जा नुसती ऊब होऊन जाते. तान्ह्या बाळाला नीट कुडकुडता येत नाही, त्याला हीच चरबी गरम ठेवते.

मोठेपणी ती उरत नाही असा समज होता. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात बोस्टन, मास्ट्रिख्ट आणि तुर्कू इथले तीन अभ्यास छापून आले आणि तो मोडला. मास्ट्रिख्टला २४ पुरुषांना १६ अंशांत ठेवलं, त्यांतल्या २३ जणांत ती पेटलेली दिसली. जाड माणसांत मात्र कमी. ज्यांना गरज जास्त, त्यांच्याकडेच माल कमी, ही या उपचाराची पहिली अडचण.

कॅन्सरसाठी पेट स्कॅन करणाऱ्यांना ही चरबी त्याआधीच नको तिथे भेटत होती. सहा तास उपाशी, मग किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन आणि तासभर गुपचूप पडून राहणं. ती खोली गार असेल आणि अंगावर पातळ गाऊन असेल, तर मानेच्या दोन्ही बाजूंना, गळ्याच्या हाडावरच्या खळग्यांत आणि पाठीच्या कण्यालगत चकाकणारे पट्टे उमटतात. तिथेच, ज्यांत कॅन्सर पसरू शकतो त्या लिम्फच्या गाठीही असतात, त्यामुळे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरचा घोळ होऊ शकतो. घरातल्या कुणाचा पेट स्कॅन असेल तर सोबत शाल आणि मोजे न्या, स्कॅनला जातानाही गाडीचा एसी बंद ठेवा. ब्राउन फॅटबद्दलचा आजघडीचा सर्वांत उपयोगी सल्ला कदाचित हाच.

आता हिशोब. मोठ्या माणसात ही चरबी असते फार तर काहीशे ग्रॅम, अनेकांत त्याहून बरीच कमी. ती प्रत्यक्ष किती ऑक्सिजन वापरते हे मोजलं तेव्हा दिवसाला वीस-पंचवीस कॅलरींच्या आसपास आकडा आला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, म्हणजे रोज न चुकता पेटवली तरी किलोमागे दहा महिने. उलट साठ मिलि फेणीत १४० कॅलरी असतात आणि मूठभर काजूंत दीडशेच्या वर. थंडीत बसल्यावर शरीराचा एकूण खर्च याहून जास्त वाढतो हे खरं, पण त्यातला मोठा वाटा स्नायूंचा असतो. शिवाय गारठ्यानंतर भूक खवळते, ते वेगळंच.

गोव्याच्या हवेचं काय? अमेरिकेत पाच पुरुषांना महिनाभर रात्री १९ अंशांच्या खोलीत झोपवलं, तर ब्राउन फॅट ४२ टक्क्यांनी वाढली. पुढे २७ अंशांत झोपवल्यावर ती वाढ पुसली गेली. आपल्याकडे पावसाळ्यात पहाटेचं तापमान २४-२५ आणि मे महिन्यात २६-२७. समुद्राचं पाणीही २७ ते ३० अंश, त्यामुळे मिरामारला पहाटे डुंबण्याने व्यायाम होईल, ब्राउन फॅट जागेल याचा भरवसा नाही. त्यात आपल्या वंशाची बाब: हॉलंडमधल्या एका अभ्यासात दक्षिण आशियाई तरुणांत ती तिथल्या गोऱ्या तरुणांपेक्षा ३४ टक्के कमी आढळली. अभ्यास लहान होता, दोन्हीकडे बारा-बाराच जण, पण मधुमेह आपल्याला लवकर का गाठतो याचा विचार करताना तो बाजूला टाकता येत नाही.

आणि इथेच मला या संशोधनाबद्दल खरी आस्था आहे. टाइप-२ मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस रोज १४-१५ अंशांत बसवल्यावर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद ४३ टक्क्यांनी सुधारला. वजन हलवणारा उपाय म्हणून नव्हे, साखर आणि रक्तातली चरबी सुधारणारा उपाय म्हणून याकडे बघायला हवं.

तरीही कुणी एसी लावून बसणारच असेल, तर निदान नीट बसा. जपानमध्ये वापरलेली मात्रा होती १७ अंश, रोज दोन तास, सहा आठवडे. त्यातून चरबी उतरली ती किलोभरही नाही. रिमोटवरच्या आकड्यावर जाऊ नका, खोलीत वेगळा थर्मामीटर ठेवा. पावसाळ्यात १६ लावूनही खोली २० च्या खाली जात नाही असं सहज होतं. पातळ सुती कपडे घाला, २२ पासून सुरू करून दर तीन-चार दिवसांनी एक अंश उतरा. बोटं गार पडणं, काटा येणं इथवर ठीक. जबडा किंवा छाती थरथरली की दोन अंश वर या, कारण तिथून पुढे काम करतात ते स्नायू. दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट खातो, म्हणजे रोज दोन तासांनी महिन्याला ७५-९० युनिट. आणि बाहेरची दमट हवा आत आली की गार भिंतीवर, कपाटाच्या मागच्या फळीवर पाणी सुटतं, मग बुरशी धरते. हृदयविकार, वाढलेलं ब्लड प्रेशर, गरोदरपण किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेले असतील तर हा प्रयोग करूच नका.

आइस बाथ ही तर वेगळीच गोष्ट. पाच-दहा अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं म्हणजे ब्राउन फॅटसाठी मात्रा अगदी तोकडी, पण हृदयाला धक्का मोठा: श्वास एकदम आत ओढला जातो, प्रेशर चढतं, ठोके चुकू शकतात. चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या माणसाने ईसीजी न काढता त्यात उतरू नये.

औषधाने पेटवायचे प्रयत्नही झाले. मिराबेग्रॉन हे अतिसंवेदनशील मूत्राशयाचं औषध, नेहमीचा डोस २५ किंवा ५० मिलिग्रॅम. २०० मिलिग्रॅमला ब्राउन फॅट पेटली, पण सोबत नाडी आणि प्रेशरही चढलं. १०० मिलिग्रॅम चार आठवडे दिल्यावर साखरेचं काम सुधारलं, वजन हललं नाही. ज्यांना खरंच औषधाची गरज आहे, कंबर पुरुषांत ९० किंवा स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) बराच चढलेला, त्यांनी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइडबद्दल डॉक्टरांना विचारावं. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. ती भूक आवरतात, ब्राउन फॅटच्या भरवशावर चालत नाहीत. बंद केल्यावर वजन बरंचसं परततं, हेही आधीच विचारून घ्या.

ऑनलाइन मिळणाऱ्या "फॅट बर्नर" पुड्यांबद्दल मात्र हात जोडून सांगतो. त्यांत डायनायट्रोफेनॉल, म्हणजे डीएनपी, असू शकतं. ते यूसीपी-१ सारखंच काम करतं, पण मोजक्या चरबीत नव्हे, अंगातल्या प्रत्येक पेशीत, आणि त्याला बंद करायचं बटण नाही. १९३३ पासून अमेरिकेत ते वजनासाठी दिलं गेलं, मोतीबिंदू झाले, माणसं अंगातल्या उष्णतेने मेली, १९३८ मध्ये बंद झालं. पिवळी भुकटी, पिवळा घाम, धाप आणि चढत जाणारा ताप ही त्याची खूण. पॅरासिटॉमॉलने हा ताप उतरत नाही, कारण तो मेंदूने चढवलेला नसतो. उतारा नाही, फक्त लवकर थंड करणं आहे. असं काही दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा, आणि पुडी, डबी, जे उरलं असेल ते सोबत कॅज्युअल्टीत घेऊन जा.