गोट्याचे सात महिने: एक तारा देणाऱ्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण रागात लिहिलेलं मला नेहमी नंतर खोडावं लागतं. म्हणून आधी गोट्याची फाईल काढली, पहिल्या फोनच्या नोंदीपासून शेवटच्या मेलपर्यंत वाचली आणि मग हे लिहितेय.

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल म्हणून सांगते. ताईंना त्यांचा बोका गोट्या जपानला न्यायचा होता आणि ते काम आमच्याकडे होतं. त्यांच्या तक्रारी अशा: आम्ही सात महिने लावले, झालेली लस पुन्हा टोचायला लावून बिल वाढवलं, प्रवासात झोपेचं औषध देऊ दिलं नाही, गोट्याला "सामानासारखं" पाठवलं आणि उतरल्यावर आठ तास ताटकळत बसावं लागलं. मैत्रिणीची मांजर मात्र तीन आठवड्यांत परदेशी पोहोचली.

यात एक चूक आमची आहे, आणि तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा ती जरा वेगळी आहे.

पहिल्या फोनवर तुम्ही म्हणालात की रेबीजची लस झालीये आणि चिपही (कातडीखाली बसवतात ती ओळख-नंबराची मायक्रोचिप) आहे. कार्डाचे फोटो पाठवलेत. आमच्या सहकारीने लसीचं स्टिकर पाहिलं, चिपचा पंधरा आकडी नंबर पाहिला आणि तुम्हाला अंदाजे कधी निघता येईल ते सांगून टाकलं. चिप कधी बसवली ते तिने पाहिलं नाही. कार्डाच्या दुसऱ्या पानावर ती तारीख होती, लसीनंतर पंधरा दिवसांची. जपानच्या नियमात चिप आधी आणि लस नंतर. उलटं झालं तर ती लस धरतच नाहीत. कारण साधं आहे. लस टोचलेला बोका तो हाच, हे चिपशिवाय सिद्ध कसं करणार? एक करडा बोका दुसऱ्या करड्या बोक्यासारखाच दिसतो.

हे आमच्या लक्षात आलं नऊ दिवसांनी, रक्त काढायच्या दिवशी, स्कॅनर आणि कार्ड शेजारी ठेवल्यावर. म्हणजे दुसरी म्हणून ठरलेली त्या दिवशीची लस "पहिली" झाली. दोन लसींमध्ये किमान ३० दिवसांचं अंतर लागतं, त्यामुळे दुसरी लस आणि रक्ताचा नमुना महिन्यावर गेला. तो महिना कुणालाही टाळता आला नसता, कारण आधीची लस आमच्याकडे यायच्या आधीच वाया गेली होती. वरचे नऊ दिवस आमच्या खात्यावर. पण खरं नुकसान नऊ दिवसांचं नाहीच. आम्ही न तपासता तारीख सांगितली, तुम्ही त्या तारखेवर विसंबून तिकीट काढलंत आणि राहतं घर सोडायची नोटीस दिलीत. पुढचा सगळा मनस्ताप त्यातून आला. याचा दोष मी सहकारीवर ढकलणार नाही. तारीख सांगण्याआधी कार्ड माझ्या नजरेखालून जायला हवं होतं. आता जातं.

उरलेल्या सहा महिन्यांबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. ते आम्ही लावलेले नाहीत.

रक्ताचा नमुना जपान सरकारने मान्य केलेल्या लॅबमध्ये जातो. त्यात रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरावी लागतात. गोट्याची भरली. तुम्हाला वाटलं, झालं, आता निघू. पण नमुना घेतल्याचा दिवस शून्य धरून तिथून १८० दिवस मोजायचे असतात. तुम्ही फोनवर विचारलं होतंत, "रिपोर्ट चांगला आलाय ना, मग थांबायचं कशाला?" तेव्हा मी गडबडीत "नियम आहे" एवढंच म्हणाले. ते उत्तर अपुरं होतं.

रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेपासून नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. तोवर जनावर ठणठणीत दिसतं. हा काळ बहुतेक वेळा काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतचा असतो, कधी त्याहून बराच जास्त. चाचणी सांगते की लस लागू पडली. लस घेण्याच्या आधीच विषाणू शिरला होता का, हे ती सांगत नाही. ते कळायला वाट बघण्याशिवाय उपाय नाही. जपानमध्ये १९५० साली रेबीज प्रतिबंधक कायदा झाला, कुत्र्यांची नोंदणी आणि लसीकरण सक्तीचं झालं आणि सात वर्षांत रोग संपला. तिथल्या प्राण्यांमधली शेवटची नोंद १९५७ सालची आहे, आणि ते जनावर मांजर होतं. त्यामुळे "घरातल्या मांजराला कसला रेबीज" हा मुद्दा त्यांच्यापुढे चालत नाही.

चौथ्या महिन्यात तुम्ही म्हणाला होतात, "पाठवून द्या, उरलेले दिवस राहील तिथे क्वारंटाईनमध्ये." ते शक्य होतं. १८० दिवसांना जितके कमी पडतात तितके दिवस तिथल्या क्वारंटाईन केंद्रात काढता येतात, खर्च मालकाचा. मी नको म्हटलं, आणि आजही म्हणेन. गोट्या पाहुणे आले तरी कपाटावर चढून बसणारा बोका आहे. इतके दिवस अनोळखी पिंजऱ्यात त्याने खाणं सोडलं असतं, आणि मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तरी यकृतावर ताण येतो. ब्रिटनमध्ये २००० साली पेट ट्रॅव्हल स्कीम येईपर्यंत बाहेरून येणाऱ्या मांजरांना सहा महिने असेच काढावे लागत. गोट्याने ते दिवस तुमच्या उशाशी काढले. तुमच्यासाठी तो उशीर होता हे कळतंय मला.

झोपेच्या औषधावरून आपलं चांगलंच वाजलं होतं, म्हणून जरा सविस्तर. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळणं जमत नाही, तोल जातो. घरी असं झालं तर तुम्ही शेजारी असता. विमानाच्या पोटात कुणी नसतं. गुंगीतलं जनावर दिसलं तर बहुतेक विमान कंपन्या ते घेतच नाहीत. त्याऐवजी आम्ही क्रेट दोन महिने आधी घरात ठेवायला सांगितला होता, दार उघडं, आत जुनी चादर, जेवण आतच. तुम्ही ते इतकं मन लावून केलंत की गोट्या शेवटी दुपारची झोप तिथेच काढायला लागला. निघताना तो स्वतःहून आत गेला, हे तुम्हीच मला कळवलं होतंत. रिव्ह्यूत ते राहून गेलं.

"सामानासारखं" या शब्दाचं वाईट वाटलं, पण भीती समजते. तुम्ही निवडलेल्या विमानात केबिनमध्ये प्राणी घेत नाहीत, म्हणून तो कार्गोने गेला. प्राणी ज्या भागात ठेवतात तिथे हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनइतकाच असतो, तापमान राखलेलं असतं आणि आत जिवंत प्राणी आहे हे वैमानिकाला लेखी कळवलेलं असतं. क्रेट "उगाच मोठा आणि महाग" वाटला, पण मांजर आत नीट उभं राहिलं पाहिजे, पूर्ण वळलं पाहिजे, पाय पसरून झोपलं पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लहान क्रेट काउंटरवरून परत पाठवतात. गोट्या पर्शियन असता तर मीच कार्गोला नाही म्हटलं असतं. चपट्या नाकाच्या मांजरांना श्वासाचा त्रास लवकर होतो.

आठ तासांबद्दल. कागद जागेवर असले तर बोक्याची तपासणी १२ तासांच्या आत संपवून सोडतात. आठ तास त्यात बसतात, पण कंटाळवाणे असतात हे खरं. मात्र ते का लागले, तेही लिहा ना ताई. मूळ प्रमाणपत्रांची निळी फाईल मोठ्या बॅगेत होती आणि ती बॅग पुढच्या विमानाने आली. झेरॉक्सवर ते काम करत नाहीत. फाईल हातातल्या पर्समध्ये ठेवा, असं आमच्या चेकलिस्टच्या पहिल्या ओळीत आहे. पुढच्या ग्राहकांना मी आता ते निघायच्या आदल्या रात्री फोन करूनही सांगणार आहे.

आणि मैत्रिणीची मांजर. तुमच्याच मेलवरून दिसतं की ती युरोपियन युनियनमध्ये गेली, आणि गेली तीही रेबीजच्या बाबतीत सवलत मिळणाऱ्या देशांच्या त्यांच्या यादीतल्या देशातून. तिथे चिप, मग लस, मग २१ दिवस, एवढंच. तीच मांजर यादीबाहेरच्या देशातून निघाली असती तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि त्यानंतर तीन महिने. जपानला न्यायची असती तर बहुधा तिलाही तुमच्याइतकंच थांबावं लागलं असतं. आपण कुठून निघतो आणि कुठे जातो, यावर सगळं ठरतं.

आता देणं-घेणं. तिकीट बदलण्याचा आकार आमच्याकडून परत मिळेल, कारण ती तारीख आम्ही दिली होती. समन्वयाच्या फीचा शेवटचा हप्ता घेणार नाही. लसीचे पैसे परत देता येणार नाहीत. ती लस लागतच होती आणि ते पैसे पशुवैद्यांकडे गेले. मेल केलाय, फक्त बँकेचा तपशील हवाय. रिव्ह्यू बदला असं मी म्हणत नाही.

एक मात्र करा. गोट्याच्या रक्ततपासणीचा निकाल नमुन्याच्या तारखेपासून दोन वर्षं चालतो. तेवढ्या काळात त्याला घेऊन बाहेर जाऊन परत जपानला यायचं झालं आणि रेबीजच्या लसीत एका दिवसाचाही खंड पडला नसेल, तर पुन्हा १८० दिवस थांबावं लागणार नाही. लसीची मुदत कार्डाच्या तिसऱ्या पानावर आहे. ती संपायच्या महिनाभर आधी आम्ही आठवण करू, तुमचा तिथला नंबर तेवढा कळवून ठेवा.