चूक कबूल, पण कव्हर झाकूनच ऐकणार : ‘जुना श्रोता’ यांना उत्तर

काका,

प्रतिक्रियेत तुम्ही वय ७१ लिहिलंत, म्हणून काका म्हणतोय. उत्तराला चार दिवस लागले. पहिले दोन रागात गेले, पुढचे दोन तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकण्यात.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी आमच्या रविवारच्या बैठकीबद्दल लिहिलं होतं. पंडित कॉलनीतल्या एका घरी महिन्यातून एकदा आम्ही सहा-सात जण जमतो. एकाने जॅझच्या रेकॉर्डी लावायच्या, कव्हर झाकून, आणि बाकीच्यांनी सांगायचं : वाजवतंय कोण, धून कुठली. यावर काकांचे तीन आक्षेप आहेत. पहिला, हे ऐकणं नव्हे, गल्लीतली अंताक्षरी आहे. ओळखेल तो शहाणा, न ओळखेल तो अडाणी. दुसरा, ‘बिल एव्हन्सचा पियानो मी झोपेतही ओळखतो’ अशी फुशारकी मारून मी उदाहरण दिलं ‘फ्रेडी फ्रीलोडर’चं, आणि त्या धुनेवर एव्हन्स मुळी नाहीच, विंटन केली आहे. तिसरा त्यांच्याच शब्दांत : “नाशकात बसून न्यूयॉर्कचे कान लावू नका.”

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे मी सपशेल उताणा पडलोय.

तुमचं बरोबर आहे. एव्हन्स १९५८ च्या अखेरीस ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा बँड सोडून गेला होता. ‘फ्रेडी फ्रीलोडर’ ज्या रेकॉर्डवर आहे त्या ‘काइंड ऑफ ब्लू’साठी माइल्सने त्याला परत बोलावलं, पण तोवर बँडचा नेहमीचा पियानोवाला केली झाला होता. २ मार्च १९५९ ला पहिलं ध्वनिमुद्रण झालं, आणि त्यातल्या या एकाच धुनेवर केली वाजवतो. बाकी सगळीकडे एव्हन्स. हे मी कुठेतरी वाचलेलं असणार, विसरलो. लक्षात एवढंच राहिलं की ही एव्हन्सची प्रसिद्ध रेकॉर्ड, आणि मग पंधरा वर्षं मला तिथे एव्हन्सच ऐकू येत होता.

आता चार दिवसांनी लाज वाटते. केलीचा सोलो सगळ्यांच्या आधी येतो. त्यात सूर उड्या मारतात, वाक्याचं शेपूट वर झटकलं जातं, एखाद्या सुराला शेजारचा सूर घासून जातो, आणि डावा हात मधेच टपली मारतो. माणूस गालात हसतोय असं वाटतं. रेकॉर्डच्या त्याच बाजूला पुढची धून ‘ब्लू इन ग्रीन’, त्यावर एव्हन्स. पट्टी दाबल्यापेक्षा पट्टीत बुडाल्यासारखा स्पर्श, आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) अधांतरी, पाय जमिनीला न टेकलेली. दोन्ही एकाच दिवशी मुद्रित झालेल्या. दोन वेगळी माणसं आहेत हे दहावीतल्या पोरालाही कळावं.

पण काका, एवढी ढळढळीत चूक मी कव्हर झाकल्यामुळे केली, की वाचल्यामुळे?

याला जोडून एक गोष्ट सांगायला हवी, जी मागच्या लेखात मी गाळली होती. आमच्यात नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. जॅझची त्यांना दहा नावंही ठाऊक नाहीत; ते मुळात भावगीतवाले, बायको आग्रह करते म्हणून येतात. मागच्या बैठकीत ही बाजू मी लावली होती. ‘ब्लू इन ग्रीन’ सुरू झाल्यावर ते म्हणाले, “पेटीवाला बदलला काय हो?” (पियानोला ते पेटीच म्हणतात.) मी हसलो. वर दोन वाक्यांत त्यांना समजावलं की अहो, एकच माणूस आहे, फक्त लय संथ आहे म्हणून तुम्हाला तसं वाटतंय. ते गप्प बसले. खोलीत एकाच माणसाने कव्हर वाचलेलं होतं, आणि चुकलाही तोच.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर परवा जेलरोडला त्यांच्या घरी गेलो, अर्धा किलो चिवडा घेऊन. माफी मागितली. ते म्हणाले, “मला कुठं नाव माहीत होतं? मला फक्त हात वेगळा वाटला.” नोटेचा कागद बोटाला वेगळा लागला तर आधी हात थांबतो आणि मग डोकं, असंही म्हणाले, पण तो विषय लांबला आणि शेवटी चिवड्यात तेल जास्त आहे इथे येऊन थांबला.

त्याच बैठकीतलं अजून एक. तबला शिकवणाऱ्या ताई बोटांवर मोजत बसल्या होत्या. ‘फ्रेडी’ संपायच्या आत म्हणाल्या, “अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन आहे. सगळे तिथेच सम गाठतात.” ब्लूज हा शब्द त्यांना तेव्हा माहीत नव्हता. ब्लूजची एक फेरी म्हणजे बारा बार (खंड), प्रत्येकी चार ठोके, झाले अठ्ठेचाळीस. ब्लूजची अख्खी चौकट त्यांनी नाव न कळता हाताशी धरली. मग पेटीवर सूर लावायला गेल्या तर लागेना. “काळी पाच म्हणावं तर चढतंय, पांढरी सात म्हणावं तर उतरतंय.” आमच्यातला लग्नांना साउंड लावणारा पोरगा उठून तबकडी फिरण्याचा वेग तपासायला लागला. वेग ठीक होता. भानगड १९५९ ची होती. त्या दिवशी मुद्रणाचं टेप यंत्र किंचित सावकाश चाललं, त्यामुळे योग्य वेगाने परत वाजवल्यावर ती अख्खी बाजू थोडी चढी ऐकू येते. १९९२ मध्ये नव्या आवृत्तीत हे दुरुस्त झालं. आमची तबकडी जुन्या छपाईची. जगभर लोकांनी तेहतीस वर्षं ही बाजू चढ्या पट्टीत ऐकली, मीही ऐकली, आणि मला कधी खटकलं नाही. कारण अभिजात रेकॉर्ड आहे म्हटल्यावर पेटी काढून कोण बघतो?

आता तुमचा पहिला आक्षेप, अंताक्षरीचा. अर्धा मान्य. मी फळ्यावर गुण लिहीत होतो. नावाला दोन, वाद्याला एक, धुनेला तीन. गंमत म्हणून सुरू केलं आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत लोक ऐकायच्या आधीच तोंड उघडायला लागले. ट्रम्पेटला बिनदांडीचा म्यूट (तोंडात बसवायचं, आवाज दाबणारं झाकण) ऐकू आला की “माइल्स!”, पियानोवर दोन शेजारचे सूर एकत्र आपटले की “मंक!” हे ऐकणं नव्हे, बरोबर बोललात. फळा पुसलाय.

पण हा प्रकार मुळात गुणांसाठी नव्हता. लेनर्ड फेदर या समीक्षकाने १९४६ मध्ये ‘मेट्रोनोम’ मासिकात तो सुरू केला. पहिल्यांदा ऐकायला बसवली पियानोवादक मेरी लू विल्यम्सला. पुढे १९५१ पासून तो ‘डाउनबीट’मध्ये गेला. कलाकाराला काही न सांगता रेकॉर्ड ऐकवायची आणि तो काय बोलतो ते छापायचं. नाव ओळखलंत तर उत्तम, पण आधी सांगा कसं वाटलं, आणि पाचपैकी किती तारे. तारे रेकॉर्डला. ऐकणाऱ्याला नव्हे. नेमकं हेच मी उलटं केलं होतं.

याचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं उदाहरण रॉय एल्ड्रिजचं. मोठा ट्रम्पेटवादक, कृष्णवर्णीय. गोऱ्यांच्या बँडमध्ये वाजवताना त्याने जे अपमान गिळले ते वाचवत नाहीत. एकाच मंचावर वाजवायचं आणि हॉटेलात मात्र खोली नाही. त्याचं म्हणणं होतं की वाजवणारा गोरा की काळा हे मी ऐकून सांगू शकतो. १९५१ मध्ये फेदरने नावं झाकून त्याला रेकॉर्डी ऐकवल्या. बरोबर कमी आली, चुकीची जास्त, आणि त्याने हार मान्य केली. अपमान खरे होते, त्यातून काढलेला निष्कर्ष कानांपुढे टिकला नाही. आपल्याकडे एखादी मुलगी तबल्याला बसली की मागच्या रांगेतून ‘हात जरा नाजूक आहे’ असं ऐकू येतं ना? आमच्या ताईंनी ते आयुष्यभर ऐकलंय. त्यांचंच एक जुनं ध्वनिमुद्रण मी बैठकीत न सांगता लावलं होतं. त्यावर काय काय शेरे आले ते इथे लिहीत नाही. ताई मात्र चहा गाळता गाळता सगळं ऐकत होत्या.

नाव झाकलं की कान आपोआप स्वच्छ होतो असं मात्र मी म्हणणार नाही. १९६४ च्या जूनमध्ये छापलेल्या अशाच चाचणीत माइल्सने एरिक डॉल्फीचा सॅक्सोफोन क्षणात ओळखला, आणि ओळखूनच झोडपला. इतकं वाईट दुसरं कोण वाजवणार, अशा थाटात. कान शाबूत, आकस त्याहून शाबूत. त्याच महिन्याच्या शेवटी डॉल्फी बर्लिनमध्ये वारला, वय अवघं ३६. तुमच्या बाजूने हा पुरावा माझ्याहून जड आहे, तुम्ही दिला नाहीत म्हणून मीच देतो.

धून ओळखण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, “त्यात काय, पाठांतर आहे.” इथे मात्र मी भांडणार. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची १९४५ ची ‘को-को’ घ्या. खाली कॉर्डचा जो रस्ता चाललाय तो ‘चेरोकी’ या जुन्या गाण्याचा, वरची मूळ चाल पूर्ण टाकून दिलेली. आपल्याकडे लेहरा (तबल्यासोबत फिरत राहणारी चाल) तोच असतो आणि तबलजी त्यावर दर वेळी नवं काही मांडतो, त्याच्या जवळचं हे. संगीतकार गर्श्विनच्या १९३० च्या एका गाण्याच्या लेहऱ्यावर तर पिढ्यान् पिढ्या नव्या धुना बांधत आल्या. हे ओळखायला पाठांतर कामाला येत नाही, कारण पाठ असतं ते वरचं, आणि ते तर बदललेलं. मला ‘को-को’मधली ‘चेरोकी’ ऐकू यायला तीन वर्षं लागली. मधे एकदा पंचवटीतून येताना सिग्नलला उभा होतो, डोक्यात ‘को-को’, ओठांवर नकळत ‘चेरोकी’, आणि दोन्ही एकमेकांत बसले. मागचा रिक्षावाला काय काय बोलला.

पार्करचीच दुसरी गोष्ट. १५ मे १९५३, टोरांटोचा मॅसी हॉल. सोबत डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस, मॅक्स रोच. पार्करच्या हातात सॅक्सोफोन होता प्लॅस्टिकचा, आणि रेकॉर्ड निघाली तेव्हा कराराच्या भानगडीमुळे कव्हरवर त्याचं नाव छापलं ‘चार्ली चॅन’. वाद्य भलतं, नाव खोटं. सुई टेकवली की दुसऱ्या वाक्याला कळतं कोण आहे ते.

राहिलं नाशिक. काका, तुम्हीच लिहिलंय की देवळाली कॅम्पात वडिलांच्या क्वार्टरमध्ये रात्री शॉर्टवेव्हवर तुम्ही व्हॉइस ऑफ अमेरिका लावायचात. विलिस कोनोव्हरचा तो घोगरा, सावकाश आवाज, सुरुवातीला एलिंग्टनच्या बँडचं ‘टेक द ए ट्रेन’. तो कार्यक्रम १९५५ पासूनचा. आणि पुढे तुमचंच वाक्य : “नाव सांगायच्या वेळी नेमकी खरखर यायची, मग आठवडाभर आम्ही भाऊ-भाऊ भांडत बसायचो की तो कोण होता.” मग आम्ही वेगळं काय करतो? तुमच्याकडे खरखर होती, आमच्याकडे कव्हर झाकायला उशीचा अभ्रा आहे. आमच्या आजोबांचंही तेच. आकाशवाणी मधेच लावायची, ख्याल अर्ध्यावर आलेला, आणि शेवटी ‘आपण ऐकत होता’ येईपर्यंत घरात पैजा लागायच्या. त्यांना कुणी सांगितलं नाही की नाशकात बसून किराणा घराण्याचे कान लावू नका.

आणि न्यूयॉर्कचे कान कशाला हवेत? सी. रामचंद्र पुणतांब्याचे, म्हणजे आपल्याच गोदावरीच्या काठचे. त्यांचं संगीत असलेल्या १९५१ च्या ‘अलबेला’त जो बँड दिसतो तो चिक चॉकलेटचा. हा गोव्याचा ट्रम्पेटवाला मुंबईत लुई आर्मस्ट्राँगच्या वळणावर वाजवायचा. आर्मस्ट्राँगचं नाव ऐकण्याआधी तो ट्रम्पेट आपल्या आई-वडिलांच्या कानात होता. आमच्या साउंडवाल्या पोराला झाकून आर्मस्ट्राँग ऐकवला तर तो पटकन म्हणाला, “हा भगवानदादाच्या पिक्चरमधला माणूस.” नाव चुकलं. नातं बरोबर लागलं. फळा असता तर मी त्याला शून्य दिला असता.

मागच्या लेखातली एव्हन्सची ओळ मी खोडलेली नाही, खाली दुरुस्ती जोडली आहे, तुमचा उल्लेख करून. पुढची बैठक येत्या रविवारी, दुपारी चारला. तुम्ही गंगापूर रोडला राहता असं लिहिलंय, म्हणजे रिक्षाने दहा मिनिटं. येताना घरातली एखादी तबकडी आणा, मी नक्की चुकेन अशी. अभ्रा आमच्याकडे आहे. प्रेसवाल्यांच्या शेजारी बसा, आणि ते पियानोला पेटी म्हणाले तर दुरुस्त करू नका.