खुलासा : मेकॅनिकल शिकवायला नेट लागत नाही

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘नेट-पीएचडी नसेल तर मेकॅनिकलला तासिका तत्त्वावरही शिकवता येत नाही.’ हे साफ चुकीचं आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेत मेकॅनिकल इंजिनिअरिंग हा विषयच नाही! एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१९ च्या नियमांत पूर्णवेळ सहायक प्राध्यापकालाही बीई आणि एमई, त्यातल्या एकात प्रथम वर्ग, एवढंच मागितलंय. शिवाय २०२२ पासून यूजीसीची ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे प्रत्यक्ष कामातल्या तज्ज्ञांनी शिकवायची, वाट आहे, तिथे किमान १५ वर्षांचा दांडगा अनुभव असेल तर पदवीचीही सक्ती नाही. मुदत मात्र जास्तीत जास्त ४ वर्षं.

मी अंबडची फर्स्ट शिफ्ट करून आठवड्यातून दोनदा शिकवतो. लेथवरची झिजलेली इन्सर्ट (धातू कापणारं बदलतं टोक) पोरांच्या तळहातावर ठेवली की टूल वेअर, म्हणजे हत्याराची झीज, फळ्यावर काढावं लागत नाही. त्या मेसेजपायी अर्ज मागे घेऊ नका. तासाचं मानधन तेवढं आधी लेखी घ्या.