मैदान खिडकीतून दिसतंय, पण रजिस्ट्रेशन बंद

परदेशात शिफ्ट होताना आपण शाळा बघतो, घर, विमा, बँक, व्हिसा सगळं बघतो, पण पोरगं खेळणार कुठे हे विचारायचं सुचतच नाही. तिकडे काय, मैदानंच मैदानं! असतात ना. आमच्या खिडकीतूनच एक हिरवंगार दिसतं आणि लेकाने पहिले चार महिने ते नुसतं बघितलं, कारण आम्ही पोचलो तोवर क्लबचं रजिस्ट्रेशन बंद, शाळेच्या टीमची निवडही उरकलेली. चेंडू घेऊन खाली उतरायचं आणि दिसतील त्या पोरांत घुसायचं हा प्रकार इथे नाहीच, कारण पोरंच खाली नसतात, सगळी कुठल्या ना कुठल्या प्रॅक्टिसला.

पुढच्या सीझनला फुटबॉल क्लबने कागदांची भलीमोठी यादी दिली. आमचा नोकरीचा करार, राहण्याचा परवाना, जन्मदाखला. म्हटलं खेळायला घेताय की नोकरीला? मग कळलं, फिफाचा नियम आहे, १८ वर्षांखालच्या पोराची परक्या देशातल्या क्लबात नोंदणी मुळात करायचीच नाही, अपवाद ठरलेले, त्यातला एक म्हणजे आईबाप फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिथे राहायला आलेत हे दाखवायचं. कोवळ्या पोरांचा व्यापार होऊ नये म्हणून केलाय, बरोबरच आहे. पण ज्याचा शॉट निम्म्या वेळा हवेतच जातो असा आमचा लेक कागदोपत्री 'परदेशी खेळाडू' झाला याचं हसू आजही येतं.

मला खरा राग येतो तो उशिरा आलेल्या पोराला बाहेर ठेवण्याचा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांची कसली ट्रायल घेता? त्यात वयोगटाची तारीख देशागणिक, खेळागणिक वेगळी, म्हणजे १ जानेवारीची कटऑफ असेल तर डिसेंबरातलं पोरगं जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलांशेजारी उभं राहणार आणि कोच म्हणणार, अजून ताकद कमी पडतेय. नॉर्वेत मुलांच्या खेळाचे हक्क लेखी आहेत, ११ वर्षांखालच्या पोरांच्या निकालांच्या याद्या, गुणतक्ते, रँकिंग काही लावत नाहीत. जिथे तक्ताच नाही तिथे नवखं पोर घेतल्याने कोणाचं काय बिघडणार?

अर्थात चूक आमचीही. "आधी भाषा जमू दे, मग खेळात घालू" हे आम्हीच म्हणत होतो आणि नव्याने येणारे सगळे हेच म्हणतात, प्लीज नका म्हणू. वर्गात पूर्ण वाक्य लागतं, मैदानावर 'इकडे दे' एवढं पुरतं आणि तेही हाताने सांगता येतं. तिकीट काढलं की त्याच दिवशी क्लबला मेल टाका, सीझन कधी सुरू होतो विचारा, वेटिंग लिस्टला नाव लावा. आणि वीकेंड विसरा, ड्रायव्हर तुम्हीच.

लेक अजून बराच वेळ बेंचवरच असतो. पण परवा बघितलं तर शेजारच्या पोराशी कडाकडा भांडत होता, त्यांच्या भाषेत.