न झालेल्या गोलांचा हिशेब

परवा झोपेचे खोबरे करून मी एक फुटबॉल सामना पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिला, आणि त्याची दखल वर्तमानपत्राने क्रीडापानाच्या तळाशी, जाहिरातीच्या चौकटीला टेकून, 'अन्य लढतीत गोलशून्य बरोबरी' एवढ्या शब्दांत घेतली. दूरचित्रवाणीवरील क्रीडावृत्ताने त्याच्यावरही कडी केली. ज्या सामन्यात सात गोल झाले होते, त्याचा प्रत्येक गोल चार-चार कोनांतून दाखवून झाल्यावर आमच्या सामन्याच्या वाट्याला आली ती एका प्रशिक्षकाची जांभई, गोलखांबावरून गेलेला एक फटका आणि पुन्हा तीच जांभई, या खेपेला संथ गतीत.

वास्तविक त्या सामन्यात पाहण्यासारखे पुष्कळ होते. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर एक आघाडीपटू चेंडू घेऊन मोकळ्या मैदानात सुटला. उजवीकडे त्याचा साथीदार धावत होता आणि दोघांना अडवायला एकच बचावपटू उरला होता. त्या गृहस्थाने अंगावर झेप घेतली नाही की घसरून पाय टाकला नाही. तो अर्धवट वळून, एक डोळा चेंडूवर आणि एक साथीदारावर ठेवून, मागे मागे सरकत राहिला. पास द्यावा तर वाटेत याचा पाय, फटका मारावा तर अंतर फार, अशा पेचात आघाडीपटूने दोनदा मान वर केली, एकदा खाली घातली, आणि तोवर बचावातले आणखी दोघे धापा टाकत येऊन पोहोचल्यामुळे निमूटपणे चेंडू मागे वळवला. टाळ्या एकट्या गोलरक्षकाने वाजवल्या, त्याही हातमोजे घालून. समालोचक त्या वेळी प्रेक्षकांत बसलेल्या एका निवृत्त आघाडीपटूच्या जुन्या गोलाच्या आठवणींत रंगले होते.

ही जळजळ पोटात घेऊन मी दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात बसलो असताना समोरच्या पडद्यावर तेच क्रीडावृत्त पुन्हा सुरू झाले. शेजारी एक वयस्क गृहस्थ एका हाताने गाल दाबून आणि दुसऱ्या हातात रिमोट धरून बसले होते. संथ गतीतली जांभई त्यांनी फार बारकाईने पाहिली.

"यांची खालची दाढ किडली आहे," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "पण सामन्यात झालं काय?"

"गोल झाला नाही."

"मग दाखवतात कशाला?"

"दाखवत नाहीत, हीच तर माझी तक्रार आहे."

त्यावर त्यांनी आपण निवृत्त हिशेबतपासनीस असल्याचे सांगितले आणि रिमोट माझ्यावर रोखून एक तत्त्व ऐकवले. "जे झालं नाही, त्याचं व्हाउचर नसतं. व्हाउचर नाही, तर नोंद नाही. यात त्या वाहिनीचं काही चुकलेलं नाही."

अशा माणसाला पुराव्यानेच गाठावे लागते, म्हणून मी ग्रीसचा संघ काढला. 2004 च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेपूर्वी ग्रीसने मोठ्या स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. ऑटो रेहागेल नावाच्या जर्मन प्रशिक्षकाने त्या संघाला असे काही बांधले की उपान्त्यपूर्व फेरीत गतविजेता फ्रान्स, उपान्त्य फेरीत चेक प्रजासत्ताक आणि अंतिम सामन्यात यजमान पोर्तुगाल, असे तिघेही त्यांच्यापुढे गारद झाले.

"किती गोलांनी?" गृहस्थांनी विचारले.

"एक-शून्य."

"तिन्ही मिळून?"

"प्रत्येकी."

"म्हणजे तीन सामन्यांत तीन गोल. तेही पायाने?"

"डोक्याने. तिन्ही."

"मग पाय उरलेला सगळा वेळ करत काय होते?"

"समोरच्यांना अडवत होते."

ते बराच वेळ गाल चोळत राहिले आणि मग खटल्याचा निकाल द्यावा तसे म्हणाले, "म्हणजे यांनी स्पर्धा होऊच दिली नाही. आणि त्यांनाच चषक दिला? कुणी हरकत घेतली नाही?"

"घेतली. अजून घेतात."

ते गप्प बसतील असे मला वाटले होते. पण दुखणाऱ्या दाढेने की जुन्या आठवणीने कोण जाणे, त्यांचा सूर एकदम बदलला. त्यांच्या कचेरीत त्यांच्या हयातीत एक पैशाचीही अफरातफर झाली नव्हती, कारण ते प्रत्येक पावती उलटून पाहत. दुसऱ्या शाखेत मात्र मोठा घोटाळा झाला, तो तिथल्या तपासनीसाने फार उशिरा पकडला आणि त्याबद्दल त्याला बढती मिळाली, त्याचे छायाचित्र छापून आले, त्याच्यावर भाषणे झाली. "आमच्याकडे घोटाळा होऊच शकला नाही," ते कडवटपणे म्हणाले, "म्हणून माझा फोटो कुठेच नाही."

मी जवळजवळ उठून उभाच राहिलो. "अहो, हेच तर मी मघापासून सांगतो आहे!"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की माझी दाढ नव्हे, डोके दुखत असावे. "यात फुटबॉलचा काय संबंध?" असे म्हणून त्यांनी वाहिनी बदलली आणि दुसऱ्या वाहिनीवर लागलेला तोच सात गोलांचा सामना अत्यंत समाधानाने पाहू लागले.

त्यांना मी दोष देत नाही. वाहिन्यांना मात्र देतो, कारण बचावपटू त्यांना दिसतो तो फक्त दोन प्रसंगी, चुकला तर किंवा कुणी त्याला आपटले तर. इटलीने 2006 चा विश्वचषक जिंकला तेव्हा सात सामन्यांत त्यांच्यावर दोनच गोल झाले. त्यांतला एक त्यांच्याच झाकार्दोने स्वतःच्या जाळ्यात मारलेला आणि दुसरा अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदानने पेनल्टीवर केलेला. थोडक्यात, चालू खेळात एकाही प्रतिस्पर्ध्याला त्यांच्यावर गोल करता आला नाही. अशा स्पर्धेचे कोणते चित्र जगाच्या लक्षात आहे? झिदानच्या डोक्याची मातेराझ्झीच्या छातीवर बसलेली धडक. मातेराझ्झी हा बचावपटू. त्या सामन्यात इटलीचा एकमेव गोल त्याने केला, बरोबरीनंतरच्या शूटआउटमधली आपली पेनल्टीही त्याने साधली. तरी अजरामर झाली ती त्याची छाती, आणि तीही दुसऱ्याच्या डोक्यामुळे.

त्याच स्पर्धेत स्वित्झर्लंड चार सामने खेळले आणि त्यांच्यावर एकही गोल झाला नाही. युक्रेनविरुद्ध शूटआउटमध्ये त्यांच्या तिन्ही पेनल्टी वाया गेल्या आणि संघ घरी गेला. चार सामने ज्यांनी दार लावून धरले, त्यांची नावे आज कुणाला विचारून पाहा. पेनल्टी कुणी घालवल्या हे सांगणारा एखादा तरी भेटेल.

त्या वर्षी बॅलन डी'ओर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार इटलीचा कर्णधार, बचावपटू कान्नावारो याला मिळाला, हे मला माहीत आहे. ते वारंवार ऐकवणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की त्यानंतर कोणता बचावपटू? एकही नाही. 2019 मध्ये व्हॅन डाइक मेस्सीच्या मागे दुसरा आला, तोच कळस. गोलरक्षकांची कथा तर याहून करुण. 1956 पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराने एकाच गोलरक्षकाला हात लावला, लेव याशिनला, 1963 मध्ये.

बचावाला नाव ठेवायची वेळ आली की मात्र या मंडळींची प्रतिभा फुलते. 'गोलसमोर बस उभी केली', म्हणजे सगळा संघच गोलसमोर आडवा घातला, हा टोमणा प्रसिद्ध केला तो प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांनी, 2004 मध्ये, टॉटनहॅमने त्यांच्या चेल्सीला गोलशून्य बरोबरीत रोखल्याच्या रागात. त्याच मोसमात चेल्सीने 38 लीग सामन्यांत अवघे 15 गोल स्वीकारून विजेतेपद मिळवले, आणि ती बस पुढे जन्मभर मोरिन्यो यांच्याच दाराशी उभी राहिली.

सगळाच बचाव डोळे भरून पाहण्यासारखा असतो, असा माझा दावा नाही. 1990 च्या विश्वचषकात सामन्यामागे जेमतेम सव्वादोन गोल झाले होते, आणि चेंडू गोलरक्षकाकडे ढकलायचा, त्याने तो हातात घेऊन कुरवाळत बसायचे, हा प्रकार पाहून 1992 मध्ये त्याविरुद्ध नियम करावा लागला, तो योग्यच झाला. वेळ खाणे म्हणजे बचाव नव्हे. परंतु 2022 च्या विश्वचषकात स्पेनने हजाराहून अधिक पास देऊनही 120 मिनिटांत मोरोक्कोवर गोल होऊ शकला नाही, तो काही मोरोक्कोने वेळ खाल्ला म्हणून नव्हे. प्रत्येक पासागणिक दहा माणसांनी जागा बदलल्या, आणि दुसऱ्या दिवशीची चर्चा 'स्पेनचे कुठे चुकले' यावर झाली. आघाडीपटूने गोल केला तर ते त्याचे यश, नाही केला तर ते त्याचे अपयश. दोन्ही बातम्यांत त्याला अडवणारा माणूस कुठेच नसतो. मोरोक्कोच्या त्या सामन्यातले सर्वांनी पाहिलेले दृश्य कोणते, तर हकिमीने शूटआउटमधली शेवटची पेनल्टी अलगद मधोमध टाकली, ते. हकिमी बचावपटू आहे, पण दिसला तो गोल केल्यावर.

अखेर मी त्या वाहिनीला सविस्तर पत्र लिहिले आणि आठवड्यातून निदान एक उत्तम बचाव, फार तर जांभईच्या जागी, दाखवावा अशी नम्र विनंती केली. उत्तर तत्काळ आले. माझ्या सूचनेबद्दल आभार मानून त्यांनी मला महिन्याच्या सर्वोत्तम गोलसाठी मत देण्याचे आमंत्रण पाठवले होते. पाच गोलांच्या फिती होत्या आणि पाचही फितींत बचावपटू अगदी ठळक दिसत होता: गवतावर बसलेला, डोक्याला हात लावून.