दोन अँटिबायोटिक एकत्र म्हणजे विष? आवं नव्हं!
आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपवर कालपास्नं एक मेसेज फिरतोय, "डॉक्टरनी दोन अँटिबायोटिक लिहिली तर एक फेकून द्या, किडनी फेल होते". अर्धवट माहिती हाय ही, आणि फेकून द्या हे तर लईच डेंजर.

टीबीचंच बघा की, सुरुवातीचे २ महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी ४ औषधं एकदमच देतात, कारण एकच दिलं तर त्याला न जुमानणारे जंतू उरतात आणि तेच वाढत बसतात. यातलं एक मनानं बंद केलं की झाला घोळ. पोटातल्या एच पायलोरी नावाच्या जंतूला पण अ‍ॅमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि सोबत अ‍ॅसिड कमी करायची गोळी असा कोर्स असतोय. ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी तर घराघरात सापडंल, त्या एकातच दोन हायत!

आता मेसेजमधलं खरं काय, तर काही जोड्या खरंच जड जातात. व्हॅन्कोमायसिन आणि जेंटामायसिन एकत्र असली की किडनीवर लक्ष ठेवावं लागतंय, म्हणून दवाखान्यात रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चाललीय का ते यावरनं कळतंय) वरचेवर तपासतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि लेव्होफ्लोक्सासिन एकत्र घेतलं तर काहींच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

खरी भानगड वेगळीच, एका डॉक्टरची गोळी चालू असताना मेडिकलवाल्याला विचारून दुसरी घ्यायची, वर मागच्या तापातली उरलेली पण. दोन डॉक्टर असतील तर दोघांच्या चिठ्ठ्या दोघांना दाखवा, किडनीचा त्रास, बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, अ‍ॅलर्जी सगळं सांगा. आणि अंगावर पुरळ, धाप, चक्कर असलं काय झालं तर ग्रुपवर विचारत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.